करवंट्यांची ओळ

आत्याच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण वाडीला वेळ सांगायची ती एसटी. खाडीकडून गाडी चढणीला लागली की पहिल्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज यायचा, मग दुसऱ्या वळणावर, आणि त्या आवाजावरून बायका हातातलं काम न थांबवता सांगायच्या, ही रत्नागिरीची सकाळची, ही जयगडहून परतणारी. मी ज्या मुलखातून आले तिथं बैलगाडी आधी दिसायची आणि मग ऐकू यायची. इथं सगळंच झाडीआड. माणूस अंगणात येऊन उभं राहीपर्यंत दिसायचं नाही. पहिले कित्येक महिने मी दचकतच राहिले, आणि खरं सांगायचं तर ती सवय अजून गेलेली नाही. आजही फ्लॅटची बेल वाजली की मला पहिल्यांदा वाटतं, कोणीतरी मला परत न्यायला आलंय.

माझी शाळा सहावीत सुटली. आमच्याकडची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायची आणि टोळीत आमच्या घरचं एक माणूस कमी पडत होतं, एवढंच त्याचं कारण. तीन हंगाम मी मोळ्या बांधल्या. उसाच्या पाचटानं कापलेल्या हातांची आग रॉकेलनं कमी होते असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून रॉकेलही लावलं. मग रत्नागिरीकडं दिलेली माझी आत्या माहेरी आली, तिनं माझे हात पाहिले आणि वडिलांना म्हणाली, "हिला मी नेते. मला घरात माणूस पाहिजे." तिला माणूस वगैरे काही नको होतं. एकटीनं राहायची तिला सवय होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही, आणि घराच्या पडवीत ती वाडीची बालवाडी चालवायची. वडील म्हणाले, "पंधरा दिवस ठेव, मग बघू." ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत, पण त्या वेळी मी रोज सकाळी उठून ते मोजत होते.

आत्याच्या घरात दोन खोल्या, मागं चूल, पुढं शेणानं सारवलेली लांब पडवी. सकाळी तांदळाची पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, कधी सुकट भाजून तिची चटणी. तांदळाची भाकरी पांढरी, मऊ. चांगलीच असायची, पण दोन घासांनंतर मला ती खाल्ल्यासारखीच वाटायची नाही. हे मी कधी बोलले नाही. खाल्ल्या घरी खोड काढायची माझी हिंमत नव्हती. एकदा परसात रडून मी तोंडावर पाणी मारत असताना आत्यानं मला पाहिलं असावं. त्या दिवशी ताटात ज्वारीची एक भाकरी होती. पीठ कुठून आणलं, कोणाकरवी मागवलं, ती बोलली नाही, मी विचारलं नाही. ती भाकरी मी एवढी सावकाश खाल्ली की आत्या शेवटी म्हणाली, "इंदे, गिळ आता. तिला काय मूल होणार नाही हातात धरून."

बालवाडीत बारा-चौदा पोरं यायची. आधी माझं काम त्यांची नाकं पुसणं, खाऊ शिजवणं आणि पडवी झाडणं. मी 'लई' म्हटलं की पोरं एकमेकांना ढोसायची. "ताई लई म्हनली, लई!" मग दिवसभर पडवीत लई भात, लई पाणी, लई शेंबूड. मग एका सकाळी विहिरीच्या चिऱ्यावरून आत्याचा पाय घसरला आणि उजवा हात मनगटात मोडला. हात गळ्यात बांधून ती आतल्या खोलीत बसायला लागली आणि मला म्हणाली, "उद्यापासून तू घे पोरं." मी म्हटलं, "आत्या, मला येत नाही." ती म्हणाली, "त्यांनाही येत नाही. म्हणूनच येतात ती."

तिच्या पुस्तिकेत एक शब्द होता, आकृतिबंध. तो मला धड म्हणता यायचा नाही. आत्यानं समजावून सांगितलं, तेव्हा कळलं की हे तर सोपं आहे. वस्तू ओळीनं मांडायच्या, एक ठराविक क्रम धरायचा, आणि पुढं काय येणार ते पोरांनी ओळखायचं. साहित्य म्हणून काहीच नव्हतं. मग मी चुलीजवळच्या वस्तू बाहेर आणल्या. वाटी, चमचा, वाटी, चमचा. फणसाच्या दोन आठळ्या, एक काजूची बी, पुन्हा दोन आठळ्या. पळी, झारा, झारा, पळी. आंब्याचे वाळलेले बाठे, सुपाऱ्या, नारळाच्या करवंट्या. पोरं सारवणावर मांडी घालून बसायची, मी विचारायचे, "पुढं काय?" आणि सगळी एकदम ओरडायची. म्हणून मी एक नियम केला. एकानंच सांगायचं, आणि ताई 'बरोबर' म्हणेपर्यंत बाकीच्यांनी टाळी वाजवायची नाही. हा नियम मला फार आवडला. शाळेत मला फारसं कोणी 'बरोबर' म्हटलेलं नव्हतं. आता तो शब्द माझ्या तोंडी होता आणि चौदा पोरं माझ्या तोंडाकडं बघत थांबायची.

त्यांत कुंदा होती. पाच वर्षांची, काटकुळी, केसांना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या. वरच्या आळीतल्या सुलभावहिनींची एकुलती एक मुलगी. बाप मुंबईला कंपनीत. तो गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा, वाडीतल्या बहुतेक घरचे पुरुष यायचे तसा. कुंदा इतर पोरांसारखी ओरडायची नाही. ओळीकडं बघत राहायची, ओठ हलवायची, आणि मग वस्तू उचलून नेमकी ठेवायची. एकदा मी मुद्दाम मधलाच एक चमचा काढून घेतला. ती म्हणाली, "ताई, हितं काय तरी गेलाय." पुढं काय येणार ते सगळी सांगत, मधून काय गेलं ते तिनं सांगितलं. मी आत जाऊन आत्याला सांगितलं, तेव्हा आत्या म्हणाली, "ही पोरगी शिकेल गो." मला त्या दिवशी स्वतःचाच अभिमान वाटला.

आत्या वाडीतल्या बायकांची पत्रं वाचून द्यायची. संक्रांतीच्या सुमारास सुलभावहिनी पत्र घेऊन आल्या. पोरं घरी गेली होती. आत्याचा हात बांधलेला, अक्षर बारीक आणि किचकट, संध्याकाळच्या उजेडात तिला लागेना, म्हणून पत्र माझ्या हातात आलं. मी सहावीतल्यासारखं मोठ्यानं वाचायला लागले, एकेका शब्दावर बोट ठेवून, आणि तिसऱ्या ओळीला काय येतंय ते मला ती वाचून झाल्यावर कळलं. नवऱ्यानं तिकडं दुसरं घर केलं होतं. त्या बाईला मूल होतं. गावी येणं आता जमायचं नाही, शिमग्याला वाट बघू नका, गणपतीचं भावकीतल्या कोणाला तरी करायला सांगा, असं त्यानं लिहिलं होतं. शेवटी 'कुंदास आशीर्वाद' असं होतं. तेही मी वाचलं. वहिनी पडवीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, वाडीत कळता नये." आत्या म्हणाली, "माझ्या घरातून नाही जाणार." मग वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "आणि पोरीला मी सांगेन," त्या म्हणाल्या, "माजं मला जमल तवा."

हे सगळं मी इतक्या सविस्तर लिहितेय कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. शेजारच्यांची नात माझ्याकडं खेळायला येते, तिच्याकडं प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे आहेत, डब्यावर इंग्रजीत काहीबाही छापलेलं. लाल-निळा-लाल-निळा लावते आणि विचारते, "आजी, नेक्स्ट काय?" मी सांगते, चहा टाकायचाय, आणि आत जाते. चहा टाकायचा नसतो.

शिमग्याच्या थोडंसं आधी तालुक्याहून तपासणीच्या बाई येणार असं कळलं. आत्याच्या जागी सहावी शिकलेली पोर बसते हे कोणीतरी वर सांगितलं होतं. आत्यानं मला काही सांगितलं नाही, पण तिला रात्रभर कूस बदलताना मी ऐकलं. बाईंना पसंत पडलं नाही तर बालवाडी बंद होणार, मला पोसायला आत्याकडं कारण उरणार नाही, आणि वडिलांचं पत्र आधीच येऊन पडलं होतं की पुढच्या हंगामाला इंदूला धाडून दे. त्या सकाळी मी पडवी दोनदा सारवली. पोरींच्या वेण्या पुन्हा घातल्या. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या, वहीत काहीतरी लिहिलं. मी वाटी-चमचा लावला, पोरांनी सांगितलं. आठळ्या लावल्या, सांगितलं. बाईंचा चेहरा काही हलेना. मग त्या म्हणाल्या, "हे तुम्ही पाठ करून घेतलंय. एखाद्या मुलाला स्वतःची रचना करता येते का?"

कुंदा आपण होऊन उठली. कोपऱ्यातल्या करवंट्या घेऊन आली आणि मांडायला लागली. एक उताणी, एक पालथी, एक उताणी, एक पालथी. सहा करवंट्या, शेवटची पालथी. बाई पुढं वाकल्या. "हे काय गं बाळ?"

"ह्यो बापूस घरात हाय," उताणीवर बोट ठेवून कुंदा म्हणाली. "ह्यो नाय. मुंबयला. ह्यो शिमग्याला आला. ह्यो गेला. ह्यो गनपतीला आला. ह्यो गेला."

बाईंनी वही मिटली. चेहराच बदलला त्यांचा. "अरे वा! आणि मग आता पुढं काय?"

कुंदानं सातवी करवंटी हातात घेतली, उताणी केली आणि ओळीत ठेवली. "येनार." आणि मग नियमाप्रमाणं तिनं माझ्याकडं पाहिलं. बाकीची सगळी पोरं हात टाळीसाठी वर धरून माझ्याकडं पाहत होती. बाई पाहत होत्या. आतल्या दाराशी आत्या उभी होती, तिनं डोळ्यांनी मला काहीतरी खुणावलं, पण मी तिच्याकडं नीट पाहिलंच नाही. मला वहिनींचा खांबाला टेकलेला चेहरा दिसत होता. मला ऊसतोडीचा कोयताही दिसत होता.

"बरोबर," मी म्हणाले.

टाळ्या वाजल्या. बाईंनी कुंदाच्या गालाला हात लावला आणि जाताना आत्याला म्हणाल्या की मुलगी चांगली शिकवते, शिक्षण नसलं तरी समज आहे, राहू दे. अशा रीतीनं मी राहिले.

चार दिवसांनी विहिरीवर वहिनी भेटल्या. त्यांनी घागर भरली, कठड्यावर ठेवली, उचलली नाही. "मी तिला म्हटलं, बापाला रजा नाय गावली, ह्या शिमग्याला नाय येनार. तर मला म्हनते, येनार. ताई बरोबर म्हनली." त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "इंदू, तू बरोबर म्हनलीस?"

"वहिनी, तपासणीच्या बाई समोर होत्या."

"हां," त्या म्हणाल्या. "आयशीचं खरं नाय वाटत तिला. तुजं वाटतं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि गेल्या.

शिमगा आला. देवीची पालखी घरोघर फिरायला लागली. ज्या अंगणात पालखी येते तिथल्या घरच्या पुरुषानं ती खांद्यावर घेऊन नाचवायची असते, आणि त्यासाठीच मुंबईची माणसं रजा काढून येतात. वाडीत ढोल वाजत होते, पुरणाचा वास येत होता, घराघरांत नवीन कपड्यांतली माणसं. सुलभावहिनींच्या अंगणात पालखी आली तेव्हा खांदा द्यायला चुलतदीर उभा राहिला. बायका कुजबुजल्या ते मी ऐकलं. वहिनींनी ओटी भरली. मग त्यांनी मागं वळून पाहिलं, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि मला कळलं की कुंदा तिथं नाही.

ती कुठं असेल हे मला विचारावं लागलं नाही. मी धावत निघाले. चढणीच्या वर तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर गाडी थांबायची. कुंदा तिथं एका चिऱ्यावर बसली होती, नवा पिवळा फ्रॉक, पायात चपला नाहीत. दोन पायांमध्ये तिनं खडे मांडले होते, पण मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. एक गाडी नुकतीच येऊन गेली असावी. धूळ अजून खाली बसली नव्हती.

"ताई, दुपारची ऱ्हायलीय," ती मला समजावल्यासारखी म्हणाली. "ह्यात नवता."

मी तिच्या शेजारी बसले. खाली वाडीत ढोल चालूच होता. सांगायचं काम वहिनींचं होतं, त्यांनी ते स्वतःकडं ठेवलं होतं. पण मी एकदा त्यांच्या आड आले होते आणि आता त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. मी म्हणाले, "कुंदा, बापूस नाही येणार."

"दुपारच्या गाडीला?"

"कुठल्याच गाडीला नाही. शिमग्यालाही नाही, गणपतीलाही नाही."

"कोन म्हनला?"

"पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं."

ती विचारात पडली. ओठ हलले, ओळीपुढं बसली की हलायचे तसे. मग म्हणाली, "पत्र आदी आला, का तू बरोबर म्हनलीस ता आदी?"

पाच वर्षांच्या पोरीनं हे विचारावं! पण मीच तिला शिकवलं होतं, कशाआधी काय आणि कशानंतर काय. खोटं बोलायला जागा होती. तिला वाचता येत नव्हतं, तारीख कळत नव्हती, आणि मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं मानलं असतं.

"पत्र आधी," मी म्हणाले.

ती रडली नाही. मी उचलून घ्यायला गेले तर अंग ताठ केलं. मग आपणच उठली आणि उताराला लागली, माझ्यापुढं चार पावलं, पायाखाली तापलेला चिरा असूनही. मी हाक मारली तरी थांबली नाही, आणि धावलीही नाही. मागून दुपारच्या गाडीचा गिअर बदलला, पहिलं वळण, दुसरं वळण. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर कुंदा बालवाडीत यायची, बसायची, खाऊ खायची. वाटी-चमचा लावला आणि तिला विचारलं की म्हणायची, "म्हायत नाय." आधी मला वाटलं रुसलीय. पण आठ दिवस गेले, महिना गेला, तरी तेच. पाच सुपाऱ्या मांडल्या आणि पुढं काय विचारलं, तर सुपारीकडं बघून "म्हायत नाय." बाकीची पोरं हसायला लागली. एक पोरगा म्हणाला, "कुंदी येडी झाली." मी त्याला गप्प केलं, पण त्या दिवसापासून ओळी लावणं बंद केलं आणि गाणी म्हणायला लागले. आत्या सगळं बघत होती. एकदा रागानं म्हणाली, "तिच्यासाठी बंद केलंस का स्वतःसाठी?" मी भांडी घासत होते, घासत राहिले.

मे महिन्यात शाळेत नावं घालायचे दिवस आले. वहिनी कुंदाला घेऊन निघाल्या, आणि आत्यानं मला सोबत पाठवलं. "तू सांग गुरुजींना, पोरगी हुशार आहे म्हणून. तुझं एवढं तरी काम आहे." शाळेच्या पायरीवर मी चपला काढल्या. सहावीनंतर मी कुठल्या वर्गात पाऊल ठेवलं नव्हतं. मी दाराशीच थांबले. आत आणखी दोघी-तिघी बायका पोरांना घेऊन बाकावर बसल्या होत्या.

गुरुजी वाईट नव्हते. वयस्क, चष्मा नाकावर. कुंदा अंगानं लहान दिसत होती म्हणून त्यांनी टेबलावर खडू मांडले, पांढरा, लाल, पांढरा, लाल. "हां, बाळ. पुढं काय?"

कुंदा खडूंकडं पाहत राहिली. तिला येत होतं. मला तिच्या मानेवरूनच दिसत होतं की तिला येत होतं. "म्हायत नाय," ती म्हणाली.

गुरुजींनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "एक वर्ष राहू दे बालवाडीत," ते वहिनींना म्हणाले. "घाई कशाला? काही मुलांना उशिरा कळतं."

आता मी बोलायचं होतं. त्यासाठीच मला पाठवलं होतं. पण तिला येतं तर सांगत का नाही, असं गुरुजी विचारणार, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर पत्राचं सांगावं लागणार, माझ्या 'बरोबर'चं सांगावं लागणार, वहिनींसमोर, त्या बाकावरच्या बायकांसमोर. मी चौकट धरून उभी राहिले.

वहिनीच उठल्या. पदर डोक्यावरून खाली आला होता तो त्यांनी सावरलाही नाही. "गुरुजी, तिला सगळं येतं," त्या म्हणाल्या. "तिचा बापूस आता येनार नाय. त्यानं मुंबयत दुसरं घर केलंय. ती वाट बगत बसली शिमग्याला, तवापासून ती पुडचं काय सांगत नाय." बाकावरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जे झाकून ठेवायला वहिनी चार महिने मान खाली घालून पाणी भरत होत्या, ते त्यांनी असं भर वर्गात मांडलं, आणि आवाज जराही कापला नाही.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खडू गोळा करून डबीत ठेवले. मग रजिस्टर ओढलं आणि टाक उचलला. "पूर्ण नाव सांगा मुलीचं."

"कुंदा," वहिनी म्हणाल्या, आणि अडकल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी आजवर कधी घेतलं नव्हतं, रीतीनं घ्यायचं नसतं म्हणून. आणि आता घ्यावं की घेऊ नये ते त्यांना कळेना. टाक रजिस्टरवर तसाच थांबला. बायका पाहत होत्या.

"कुंदा शांताराम पाष्टे," कुंदा म्हणाली. मोठ्यानं, एका दमात.

गुरुजींनी लिहून घेतलं. मग तिच्याकडं पाहून जरा हसले. "शाब्बास. कोणी शिकवलं गो एवढं स्पष्ट बोलायला?"

कुंदानं दाराकडं पाहिलं. बराच वेळ, माझ्याकडं. मग आईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला.

"आयेनं," ती म्हणाली.

मी पायरीवरच्या चपला घातल्या आणि बाहेर जाऊन उभी राहिले.